हायावाथाच्या रानात मुक्कामाला जाण्याआधी

डेट्रॉइटच्या आसपास, नोव्हाय, ट्रॉय, कँटन या उपनगरांत राहणाऱ्या मराठी मंडळींचा कुठलाही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप घ्या. उन्हाळ्याच्या सहलीचा विषय निघाला आणि कुणी नॅशनल फॉरेस्टमधल्या कॅम्पग्राउंडचं नाव सुचवलं, की पाच मिनिटांत ठरलेले प्रश्न येऊन पडतात. आंघोळीची सोय काय? फोन कुठे चार्ज करायचे? इन्स्टंट पॉट चालेल का? टॉयलेट ‘नीट’ आहेत ना? या प्रश्नांची खरी उत्तरं अनुक्रमे नाही, गाडीत, नाही आणि हो अशी आहेत. पण ती लिहून होईपर्यंत कुणीतरी रिसॉर्टची लिंक टाकलेली असते आणि विषय तिथेच संपतो.

मिशिगनमध्ये कॅम्पग्राउंडच्या ढोबळ दोन जाती आहेत, मॉडर्न आणि रस्टिक. मॉडर्नमध्ये वीज, गरम पाण्याचे शॉवर, फ्लशची टॉयलेट्स. मोठ्या स्टेट पार्कांतली बरीच कॅम्पग्राउंड्स या जातीची. रस्टिकमध्ये मिळतं ते एवढंच: आकडा लिहिलेला खांब, गाडी उभी करायला जागा, तंबूपुरती सपाट केलेली जमीन, सहज हलणार नाही असं टेबल आणि त्याला जोडलेली बाकं, आणि विस्तवासाठी जमिनीत रोवलेलं लोखंडी कडं. थोडं चाललं की पाण्याचा पंप आणि खड्ड्याचा संडास. रात्रीचं भाडं साधारण २० ते ३० डॉलर.

हॉटेलात विसरलेला टूथब्रश काउंटरवर मागता येतो. इथे विसरलेली वस्तू आणायला रानातून गाडी काढून गावात जावं लागतं, आणि गावातलं दुकान तोवर बंद झालेलं असतं. म्हणून या सहलीचा जवळजवळ सगळा शहाणपणा आधीच, घरी, स्वयंपाकघरात आणि नकाशासमोर बसून वापरायचा असतो. तो तिथे वापरला की रानात गेल्यावर करायला फारसं काही उरत नाही, आणि त्यासाठीच तर जायचं.

अशा रस्टिक मुक्कामाचं उदाहरण म्हणून मिशिगनच्या उत्तर भागातलं, म्हणजे अप्पर पेनिन्सुलातलं, हायावाथा नॅशनल फॉरेस्ट घेऊ. सुमारे ९ लाख एकर, म्हणजे बृहन्मुंबईच्या सहापट. सुपीरियर, मिशिगन आणि ह्युरॉन या तिन्ही महासरोवरांना त्याची हद्द भिडते. डेट्रॉइटहून आय-७५ धरून निघालं की मॅकिनॉ पूल लागतो. पाच मैलांचा हा झुलता पूल १९५७ साली खुला झाला. त्याआधी गाड्या फेरीबोटीतून पलीकडे जात. पूल ओलांडून पश्चिमेला वळायचं आणि सुपीरियरच्या काठच्या म्युनिसिंग गावी पोचायचं. एकूण साडेसहा तास, थांबे सोडून. लहान मुलं असतील तर आठ धरा.

नावाची गंमत सांगतो. हायावाथा हा मुळात इरोक्वाय लोकांच्या परंपरेतला पुढारी, तो इकडचा नव्हेच. सुपीरियरच्या दक्षिण काठावर राहतात ते ओजिब्वे. हेन्री स्कूलक्राफ्ट हा सरकारी अधिकारी सू-सेंट-मरी गावी राहून त्यांच्या कथा गोळा करत होता, आणि त्याची बायको जेन जॉन्स्टन स्कूलक्राफ्ट स्वतः अर्धी ओजिब्वे, कविता लिहिणारी. कथांचा मोठा साठा तिच्या आणि तिच्या माहेरच्यांकडून आलेला. लाँगफेलोने तो वाचून १८५५ साली आपलं दीर्घकाव्य लिहिलं आणि ओजिब्वे कथानायकाला इरोक्वाय नाव देऊन टाकलं. पुढे सरकारने रानालाही तेच नाव चिकटवलं. ज्यांच्या कथा, त्यांनी १८३६ च्या तहात ही जमीन अमेरिकेला दिली, पण शिकारीचे, मासेमारीचे आणि रानातून वस्तू गोळा करण्याचे हक्क राखून ठेवले. ते हक्क आजही कोर्टात आणि रानात दोन्हीकडे चालतात.

म्युनिसिंगहून दक्षिणेला जाणाऱ्या एच-१३ रस्त्यावरून गाडी चालवताना खिडकीतून नीट पाहिलं तर काही ठिकाणी लाल पाइनची झाडं सरळ रांगांत उभी दिसतात. गाडी पुढे जाते तशी एकेक रांग उघडते आणि मिटते. रान असं उगवत नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकूड कंपन्यांनी मिशिगनमधला पांढरा पाइन जवळजवळ साफ केला. मागे उरले बुंधे आणि वाळका पालापाचोळा, मग वणवे. त्या रेताड जमिनीवर लोकांनी शेती करून पाहिली. ती बुडाली, कर थकले, जमिनी सरकारजमा झाल्या. १९११ च्या वीक्स कायद्याने केंद्र सरकारला पूर्वेकडच्या राज्यांत अशा जमिनी विकत घेण्याची वाट करून दिली आणि १९३१ साली हायावाथा नॅशनल फॉरेस्ट जाहीर झालं. मंदीच्या काळात, १९३३ ते १९४२, सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर नावाची सरकारी योजना होती. बेकार पोरांना महिना ३० डॉलर मिळत, त्यातले २५ परस्पर घरी जात. त्या पोरांनी झाडं लावली, रस्ते काढले, कॅम्पग्राउंड्स बांधली. म्हणजे आपण ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणून ज्या झाडाखाली तंबू ठोकतो, ते बहुधा कुणा बेकार पोराने पगारावर लावलेलं असतं. मला यात कमीपणा वाटत नाही, उलट झालंच तर दिलासा वाटतो.

नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट यांतला फरक इथे समजून घ्यावा, कारण योजना त्यावर ठरते. पार्क इंटिरियर डिपार्टमेंटकडे; फॉरेस्ट शेतीखात्याकडे. पार्कात जपणूक आधी. फॉरेस्टमध्ये लाकूडतोड, शिकार, गुरंचराई, पाणी आणि करमणूक सगळं एकाच जमिनीवर चालतं. देशभरात अशी १५४ फॉरेस्ट आहेत आणि त्यांचं गवताळ प्रदेशांसह क्षेत्रफळ अडीच महाराष्ट्रांएवढं भरतं. १९०५ साली ही फॉरेस्ट सर्व्हिस उभी राहिली तेव्हा तिचा पहिला प्रमुख होता गिफर्ड पिंशो. वनशास्त्र शिकायला तो १८८९ साली युरोपात गेला आणि बॉनमध्ये ज्या म्हाताऱ्या जर्मन माणसाला गुरू मानून परतला, तो डीट्रिश ब्रँडिस हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला इन्स्पेक्टर जनरल होता. ज्या खात्याने आपल्याकडे डोंगर-दऱ्यांत ‘राखीव वन’चे दगड रोवले आणि आदिवासींना त्यांच्याच रानात परवाने मागायला लावले, त्या खात्याचा अनुभव असा फिरून अमेरिकेत पोचला. एका गोष्टीत मात्र दोन्हीकडची रीत वेगळी झाली. आपल्या राखीव वनात रात्री चूल पेटवली तर गुन्हा नोंदवला जाईल. इथे सरकारच चुलीसाठी लोखंडी कडं रोवून ठेवतं.

ते कडं, तो खांब आणि गाडीची ठरलेली जागा यांमागेही एक माणूस आहे. ई. पी. माइनेके हे अमेरिकेच्या शेतीखात्यातले वनस्पतिरोगतज्ज्ञ. १९२० च्या दशकात मोटारी आल्या, माणसं वाटेल तिथे झाडाखाली गाडी घालू लागली आणि कॅलिफोर्नियातली मोठी झाडं मलूल व्हायला लागली. माइनेकेंनी पाहिलं की चाकांनी आणि पायांनी माती दाबली जाते आणि मुळांचा श्वास कोंडतो. आधी मोटारीला एका जागी बांधा, मग माणसं आपोआप बांधली जातील, हा त्यांचा तोडगा. एकेरी वळणाचा रस्ता, त्याला तिरके फुटलेले गाडीचे खाचे, अडवायला दगड किंवा ओंडके, टेबल आणि चूल एका जागी पक्की. १९३२ च्या सुमाराचा हा आराखडा आजही अमेरिकेतल्या बहुतेक कॅम्पग्राउंड्सचा आराखडा आहे. आपल्या चार कुटुंबांच्या चार गाड्या येतात, दोनच जागा बुक असतात, आणि कुणीतरी कडेचा ओंडका सरकवून तिसरी गाडी गवतावर चढवतो. त्या चाकाखाली झाडाची मुळं असतात, आणि तो ओंडका त्यांच्यासाठीच तिथे ठेवलेला असतो.

आता बुकिंग. बहुतेक जागा रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर सहा महिने आधी उघडतात. म्हणजे जुलैतल्या तंबूची जागा जानेवारीत, बाहेर हातभर बर्फ असताना धरायची. ऑनलाइन बुकिंगचे ८ डॉलर वेगळे, आणि रद्द केलं तर १० डॉलर कापतात. काही जागा आरक्षणाबाहेर, आधी येईल त्याला. तिथे प्रवेशाशी पाकिटं ठेवलेली असतात. नाव, गाडीचा नंबर, जागेचा आकडा लिहायचा, पैसे पाकिटात घालून लोखंडी नळकांड्याच्या फटीत टाकायचे आणि पावतीचा फाटका तुकडा खांबाला अडकवायचा. सुटे पैसे न्यावेत, ते नळकांडं मोड देत नाही. ६२ वर्षांवरच्या अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना ८० डॉलरमध्ये आयुष्यभराचा सीनियर पास मिळतो, आणि त्यावर अशा बऱ्याच कॅम्पग्राउंड्सचं भाडं निम्मं होतं. पुण्याहून व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबांना मात्र तो मिळत नाही, वय कितीही असो.

हायावाथाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन सुटे तुकडे आहेत. पूर्वेकडच्या मोनोकल लेकला बुकिंग करून ‘पिक्चर्ड रॉक्सचे कडे संध्याकाळी पायी बघून येऊ’ म्हणणारे लोक असतात. सुपीरियरच्या काठचे ते कडे पश्चिमेच्या तुकड्याजवळ, गाडीने दीड-दोन तासांवर. पश्चिमेत निवड दोन प्रकारची. एक, थेट सुपीरियरच्या काठावर. ख्रिसमस नावाच्या गावाशेजारी बे फर्नेस आहे, तिथे लोखंड गाळायच्या जुन्या भट्टीचे दगडी अवशेष उभे आहेत. कोळशासाठी आजूबाजूचं रान जाळत ती काही वर्षं धगधगली आणि १८७७ साली लागलेल्या आगीनंतर कायमची थंड झाली. दुसरा प्रकार आतल्या तळ्यांचा: पीट्स लेक, वाइडवॉटर्स, ओ ट्रेन लेक. सुपीरियर पाहायला भव्य, महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून मोठं गोडं पाणी. पण त्यात पाय घातला की जुलैतही पोटऱ्या बधिर होतात. पोरांना डुंबायचं असेल तर आतलं तळं घ्यावं, सुपीरियर गाडीने जाऊन बघावं. शिवाय दक्षिणेचा वारा सुटला की सुपीरियरच्या वाळूवर चावऱ्या माश्या जमतात. त्या दिसतात घरमाशीसारख्या आणि मोज्यातून चावतात.

जागेचा आकडा निवडताना लोक तळ्याला चिकटून असलेली जागा धरतात. मी आधी संडास शोधतो. वाऱ्याच्या झुळकीबाहेर, पण रात्री सासऱ्यांना टॉर्च घेऊन एकट्याने जाता येईल इतक्या अंतरावर. मग पंप. मग सावली. पोचल्यावर तंबू ठोकण्याआधी मान वर करून वाळकी फांदी लोंबत नाही ना ते बघायचं. वाऱ्यात अशा फांद्यांनी माणसं दगावतात.

त्या संडासाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडचे निम्मे लोक त्याच्याच धास्तीने येत नाहीत. खड्ड्याचा संडास म्हटलं की डोळ्यांसमोर जे उभं राहतं ते इथे नसतं. फॉरेस्ट सर्व्हिसच्या सॅन डिमास येथील तंत्रकेंद्रात ब्रायर कुक नावाच्या अभियंत्याने १९९० च्या आसपास यावर काम केलं. खाली काँक्रीटची बंद टाकी. तिच्यातून एक जाड, काळसर नळी छपराच्या वर निघते. ऊन लागून नळी तापते, वरून वारा वाहतो, आणि टाकीतली हवा वर ओढली जाते. तिच्या जागी बाहेरची हवा भिंतीतल्या जाळीतून खोलीत आणि बैठकीतून खाली जाते. हवेचा ओघ खालीच राहिला की वास वर येत नाही. म्हणून बांधताना इमारतीचं तोंड वाऱ्याची दिशा आणि ऊन पाहून ठरवतात. बैठक खुर्चीच्या उंचीची, शेजारी धरायला दांडा, चाकाच्या खुर्चीला पुरेल एवढी जागा. गुडघे दुखणाऱ्यांना आपल्या गावाकडच्या घरापेक्षा इथे सोयीचं. पाण्याचा नळ नसतो. ज्यांना पाणी लागतं त्यांनी आपली बाटली भरून न्यावी, लाजायचं कारण नाही. एकच पथ्य: डायपर, ओले वाइप्स, प्लास्टिक टाकीत टाकायचं नाही. टाकी उपसणाऱ्या गाडीचा पाइप त्याने तुंबतो आणि मग कुणातरी माणसाला ते आकड्याने एकेक करून बाहेर ओढावं लागतं.

पंपाचं पाणी वेळोवेळी तपासतात. नमुना नापास झाला तर पंप बंद होतो आणि तशी पाटी लागते. म्हणून गाडीत माणशी रोजचे चार लिटर धरून पाण्याचे कॅन भरलेले असावेत. भांडी पंपाखाली घासू नयेत, तळ्यात तर नाहीच. पातेल्यात पाणी घेऊन तळ्यापासून निदान साठ मीटर लांब. राख आणि नारळाच्या शेंडीने भांडी घासणारी आजी सोबत असेल तर साबणाचाही प्रश्न सुटतो.

जेवणाकडे येऊ. इथे आपली माणसं दोन टोकांना जातात. एक तर ब्रेड, चिप्स आणि मार्शमेलो यांवर तीन दिवस काढून घरी येऊन आमटी-भातावर तुटून पडायचं. नाहीतर डोशाचं पीठ, पावभाजीचा तवा, पाच लिटरचा कुकर आणि तळणीची कढई गाडीत घालायची. दोन्ही टाळता येतं. कोकण-देशावरच्या प्रवासी स्वयंपाकाला फ्रीज कधी नव्हताच. तिखटामिठाच्या पुऱ्या, दशम्या आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी पहिल्या दिवसाला. थालीपिठाची भाजणी घरून भाजून-दळून न्यायची. ती बर्फ मागत नाही, भांडं एकच लागतं. मेतकूट आणि तूप असेल तर दोन बर्नरच्या स्टोव्हवर मऊ भात हे जेवण होतं. पिठलं तर दहा मिनिटांत होतं. फोडणीचा मसाला घरीच तेलावर परतून डबीत भरून न्यावा, म्हणजे रानात हिंग-मोहरीचा धूर करत बसावं लागत नाही. पाऊस लागला की भज्यांची हुक्की येते. उघड्या विस्तवावर डुगडुगत्या जाळीवर तेलाची कढई ठेवू नये, एवढंच म्हणेन. जवळचं हॉस्पिटल किती मैलांवर आहे हे आठवावं. जाताना वाटेत पेस्टी मात्र घ्या. कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगारांनी आणलेली ही तिखट करंजीच म्हणायची, फक्त तळहाताहून मोठी आणि आत बटाटा, रुटाबागा आणि मांस. काही दुकानांत भाजीचीही मिळते.

फोडणी कमी करण्यामागे दुसरंही कारण आहे. अप्पर पेनिन्सुलात काळी अस्वलं आहेत. ती माणसाच्या वाटेला सहसा जात नाहीत, पण नाक असं की त्यापुढे आपल्या डब्यांची झाकणं काहीच नाहीत. तंबूत खाण्याची एकही वस्तू ठेवायची नाही. खाण्याची म्हणजे अस्वलाच्या मते खाण्याची: टूथपेस्ट, साबण, व्हॅसलीन, आजोबांच्या खोकल्याच्या गोळ्या, पोराच्या खिशातली चिक्की. रात्री सगळं गाडीत, काचा वर, कुलूप. स्वयंपाकाचे कपडेही गाडीत. उदबत्ती लावायची तर दिवसा आणि टेबलावर. एरवी अस्वलापेक्षा चिपमंक आणि रॅकून यांचाच उपद्रव जास्त. चिपमंक दिवसाढवळ्या टेबलावर चढून शेंगदाणे गालात भरतो आणि मुलं त्याचे फोटो काढत बसतात.

सर्पणाबद्दल मात्र मी थोडा कडक बोलणार आहे. २००२ साली डेट्रॉइटजवळच एक हिरवा चमकदार किडा सापडला, एमराल्ड अ‍ॅश बोरर. आशियातून मालाच्या लाकडी खोक्यांतून आला असावा. अळी अ‍ॅश झाडाच्या सालीखाली नागमोडी बोगदे करते, झाडाचा रस वर चढायचा थांबतो आणि काही वर्षांत उभं झाड वाळतं. किडा स्वतः फार लांब उडत नाही. त्याला शेकडो मैल नेलं ते वीकेंडला कॅम्पिंगला निघालेल्या माणसांनी, गाडीच्या डिकीत घातलेल्या जळाऊ लाकडांतून. आज अमेरिकेत कोट्यवधी अ‍ॅश मेले आहेत आणि २०२१ साली केंद्र सरकारने त्यावरचं क्वारंटाइन उठवलं, कारण अडवायला फारसं उरलं नव्हतं. आता त्या किड्यावर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या सोडून बघतात. काळ्या अ‍ॅशचं दुःख त्याहून वेगळं. ओजिब्वे आणि ओडावा हे इथले मूळ रहिवासी त्याचा ओंडका मोगरीने ठोकून ठोकून वर्षावर्षाच्या थराच्या पट्ट्या सुट्या करतात आणि त्यांच्या टोपल्या विणतात. त्या टोपल्या विणणाऱ्या बायका आता बिया साठवून ठेवतायत. अंगणात तोडलेलं झाड फुकट मिळतंय म्हणून डिकीत घालायचा मोह प्रत्येकाला होतो. तो आवरावा आणि मुक्कामाजवळ सात-आठ डॉलरला मिळणारा भारा घ्यावा. पॅलेटची लाकडंही नकोत. ती जळतात, खिळे राखेत राहतात आणि पुढच्या माणसाच्या टायरात किंवा टाचेत शिरतात.

विस्तव विझवणं हे पेटवण्यापेक्षा अवघड काम आहे आणि ते मी एका कॅम्प होस्टकडून पाहिलं. होस्ट म्हणजे उन्हाळाभर आपली गाडी-घर लावून तिथे राहणारी, बहुधा निवृत्त जोडपी. जागा फुकट, बदल्यात देखरेख. शेजारच्या जागेवरची मंडळी एक बाटली पाणी ओतून, फुस्स आवाज ऐकून निघून गेली होती. आजोबांनी बादली आणली, निम्मी ओतली, फावड्याने खालची राख वर केली. तळाला लालसर निखारे होतेच. पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणं. मग हातमोजा काढून पालथा हात राखेजवळ नेला, आणि शेवटी राखेतच टेकवला. हाताला गार लागली तेव्हाच ते उठले. एवढं सगळं सकाळी निघताना करायचं आहे, म्हणून वेळेचा हिशेब धरताना हा अर्धा तास धरावा.

म्युनिसिंग ईस्टर्न वेळेत असलं तरी त्या पट्ट्याच्या पार पश्चिमेला येतं. जूनअखेरीस सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो. कॅम्पग्राउंडची शांततेची वेळ बहुतेक ठिकाणी दहाला सुरू होते. म्हणजे विस्तवाभोवती गाण्याच्या भेंड्या खेळायच्या तर त्या उजेडीच उरकाव्या लागतात, आणि तारे बघायचे तर अकरानंतर, कुजबुजत. स्पीकर घरी ठेवा. आपल्या लोकांना हे सांगावं लागतं याचं मला वाईट वाटतं, पण लागतं.

कपड्यांत एवढंच पाहा: जुलैतही रात्री पारा १० अंशांखाली जाऊ शकतो. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते, तेव्हा महागडी स्लीपिंग बॅग घेण्याआधी तिच्याखालचं जाड फोमचं पॅड घ्यावं. वयस्कर माणसांसाठी घडीची खाट आणि कानटोपी. मेअखेर ते जून काळ्या माश्यांचा, जून-जुलै डासांचा. फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि संध्याकाळी मुलांच्या गुडघ्यामागे, कानामागे टिक, म्हणजे गोचीड, बघणं. फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. गूगल मॅप्स लाकूडतोडीच्या वाळूच्या रस्त्यालाही रस्ताच समजतं, तेव्हा फॉरेस्ट सर्व्हिसचा कागदी नकाशा हवा. गाड्यांना मुभा असलेल्या रस्त्यांचा नकाशा रेंजर ऑफिसात फुकट मिळतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत फॉरेस्ट सर्व्हिसमध्ये मोठी नोकरकपात झाली. देशभर हजारो माणसं कमी झाली. काहींना नंतर परत बोलावलं. संडास झाडणारे, पंप दुरुस्त करणारे, रस्त्यात पडलेलं झाड कापणारे हात त्यांतच होते. तेव्हा संकेतस्थळावर ‘खुलं’ लिहिलंय म्हणून निघू नये. निघण्याच्या आठवड्यात, शनिवार-रविवार सोडून, म्युनिसिंगच्या रेंजर ऑफिसला फोन करावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात: पंप चालू आहे का, विस्तवावर बंदी आहे का, आणि रस्ता मोकळा आहे का.

रोज डोक्यावरून गरम पाणी घेतल्याशिवाय ज्यांना झोप लागत नाही, मुलांना स्क्रीन दिल्याशिवाय ज्यांचं जेवण होत नाही, त्यांनी इथे येऊ नये. मॉडर्न कॅम्पग्राउंड वाईट नसतात. पहिल्यांदाच जाणार असाल तर ऑगस्टचा तिसरा आठवडा घ्या. डास ओसरलेले असतात, आतल्या तळ्यांचं पाणी तापलेलं असतं, रात्र लवकर होते. दोनच रात्री, दोनच कुटुंबं, तळ्याकाठचं कॅम्पग्राउंड, सुपीरियर एका दिवसात बघून परत. त्या तारखा फेब्रुवारीत उघडतात.